अनुस्वार बरोबर, शाखा चुकीची

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मी ज्यांचे हिशेब लिहिते त्यांतल्या एका क्लायंटचे पैसे बँकेत कुठेतरी अडकले आहेत आणि बँकेतलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुमच्याखेरीज दुसरं नाही, म्हणून लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही हसला असतात आणि मी तो ठेवून दिला असता. पत्रात निदान हसणं ऐकू येत नाही. घाई आहे म्हणून ईमेलनं पाठवते. तरी याला पत्रच समजावं आणि उत्तरही पत्रासारखं यावं. नुसतं 'ओके वहिनी' नको.

हकीकत अशी. छापखानेवाल्या बाई तुम्हाला आठवत असतील. मागे तुम्ही माझ्या ऑफिसात आला होतात, तेव्हा टेबलावर अंगठ्याची शाई उमटवून गेल्या त्याच. त्यांनी कागद कापायचं मोठं यंत्र घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या शहरातला एक छापखाना बंद होतो आहे, तिथलं. त्या मालकाचं म्हणणं, विसार १८ तारखेपर्यंत माझ्या खात्यात दिसला तर यंत्र तुमचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बाईंनी विसार पाठवून आठवडा झाला. बाईंच्या खात्यातून रक्कम गेली आहे, मालकाच्या खात्यात आलेली नाही. शिवाय बाईंनी उत्साहाच्या भरात जुनं यंत्र आधीच भंगारात काढलं. म्हणजे आज त्यांच्याकडे छापता येतं, कापता येत नाही. शाळेच्या वह्यांचे गठ्ठे दारापर्यंत आले आहेत. यंत्र हातचं गेलं तर वह्यांची ऑर्डर जाईल, आणि तिच्यामागे छापखान्याचं अख्खं वर्ष.

मालकानं फोनवर खाते क्रमांक आणि बँकेचं व शाखेचं नाव तेवढं सांगितलं होतं. शाखेचा कोड आमच्या ऑफिसातल्या एका व्यक्तीनं इंटरनेटवरून शोधून दिला. तो चुकीचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

अशा वेळी पैसे जातात कुठे आणि परत आणायचे कसे, तेवढं कळवा. तुमचे दादा बरे आहेत. तुम्हाला लिहिते आहे म्हटल्यावर हे म्हणाले, "तिला विचारतेस? तू?"

तुमची वहिनी

ता. क. तुमच्या मागच्या पत्रात पानभर 'आणी' होता. लाल शाईनं सुधारला, पण नेहमीसारखं पत्र परत पाठवलं नाही. गरज माझी आहे, एवढं मला कळतं.


५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हसले. पोटभर हसले, मग चष्मा पुसला आणी पुन्हा वाचलं. "आमच्या ऑफिसातल्या एका व्यक्तीनं"! अगं, तुझ्या ऑफिसात एक तू आणी दुसरा पंखा. कोड पंख्यानं शोधला असेल तर त्याला माझी शाबासकी सांग.

('आणी' असाच राहील. सगळी नोकरी मी असाच लिहिला आणी त्यापायी कुणाचा चेक परत गेला नाही.)

आता कामाचं. घाबरू नकोस, पैसे हवेत विरत नाहीत. खाते क्रमांक खरा आणी शाखेचा कोड बंद पडलेला, असं झालं की पैसे बहुतेक आपोआप परत येतात. आले नाहीत तर समोरच्या बँकेच्या उचंत खात्यात पडून राहतात. बेवारस सामान ठेवायची खोली असते ना, तसंच ते खातं. तिथून आपल्या पायांनी काही बाहेर येत नाही, कुणीतरी जाऊन ओळख पटवावी लागते. त्यासाठी मला व्यवहाराचा क्रमांक पाठव. आणी तो कोड नेमका कुठून घेतला त्याची खरी माहीती. खरी म्हणजे खरी. मी काउंटरवर बसलेली बाई आहे. "एका मित्रासाठी विचारतोय" म्हणणारे मला रांगेत असतानाच ओळखू यायचे.

इकडे सगळं छान. कुंड्यांना पाणी घालते, शब्दकोडं सोडवते, दुपारी झोपते. निवृत्ती म्हणजे सुख. तुझं पत्र आलं तेव्हा तेच कपाट तिसऱ्यांदा आवरत होते.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पंख्याला शाबासकी सांगितली. त्याची त्यानं दखल घेतली नाही. माझ्यापेक्षा समंजस निघाला.

ती व्यक्ती मीच.

आधी मी यंत्रमालकाच्या बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गेले होते, ही नोंद माझ्या बाजूनं असू द्या. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता, 'शाखा विलिनीकरन सुचना'. तीन शब्दांत तीन चुका. खाली 'ग्राहकांनी नोंद घ्यावि'. मी पान बंद केलं. मनात म्हटलं, ज्यांना ण आणि न यांतला फरक कळत नाही, त्यांना जमा आणि नावे यांतला काय कळणार.

मग शोधता शोधता दुसरं स्थळ सापडलं. 'व्यापारी व हिशेबनीस यांच्यासाठी बँकविषयक संपूर्ण माहिती'. वन्सं, काय ती भाषा! ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी. 'उचंत'वर अनुस्वार. आणि अर्धविराम! अर्धविराम योग्य जागी वापरणारं माणूस मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मी चहा गार होईपर्यंत वाचत बसले. सर्व शाखांची यादी, सर्व कोड, खाली एक सुरेख समारोप. आपण कोड शोधायला आलो आहोत हे मध्यंतरी विसरलेच होते. आठवल्यावर तिथूनच उतरवून घेतला आणि बाईंना दिला. त्या पानावर तारीख होती का, ते कुणी लिहिलं, हे बघायचं सुचलंही नाही. अनुस्वार बघितला आणि विषय संपला.

तुमचं पत्र आल्यावर आज बँकेच्या त्या अशुद्ध पानावर परत गेले. ओठ घट्ट मिटून शेवटपर्यंत वाचलं. यंत्रमालकाची शाखा गेल्या वर्षी शेजारच्या शाखेत विलीन झाली. जुना कोड बंद. नवा कोड तिथेच दिलेला आहे, तारखेसकट. मथळ्यात तेच तर म्हटलं होतं. माहिती माझ्या दारात उभी होती आणि कपडे नीट नाहीत म्हणून मी तिला हाकलून दिलं.

व्यवहाराचा क्रमांक खाली जोडला आहे. बाईंना मी सांगितलं आहे, "बँकेत काहीतरी घोळ झालेला दिसतो." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

तुमची वहिनी


७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

या वेळी हसले नाही. म्हणजे थोडं हसले, पण अर्धविरामापाशीच.

उद्या बाईंना घेऊन त्यांच्या बँकेत जा. व्यवहाराचा क्रमांक, खरा खाते क्रमांक आणी नवा कोड घालून दुरुस्तीचा अर्ज द्या. त्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, माझ्यासारख्या बायका तिथे बसलेल्या असतात. मग समोरच्या शाखेला फोन कर. नंबर त्यांच्या त्या अशुद्ध पानावरचाच घे. शोधून जो पहिला नंबर येईल तो लावू नकोस, यादीतली वरची जागा पैसे भरूनही मिळवता येते. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता पासबुकावर छापलेला असतो, तो बघून टाकायचा. आणी यापुढे कुणाला पैसे पाठवायचे असतील तर आधी घेणाऱ्याकडूनच त्याच्या ताज्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागव, मग तो बँकेच्या पानाशी ताडून बघ. इतकं साधं आहे. तू एम. कॉम. असल्यामुळे तुला सुचलं नसेल.

भाषा शुद्ध की अशुद्ध, ते सोड. चुकलं तर भांडायला कुणाच्या उंबऱ्यावर जायचं, ते बघ. बँकेनं 'विलिनीकरन' लिहिलं, पण खाली तारीख आहे, पत्ता आहे, टेबलामागे माणूस आहे. तुझ्या अर्धविरामवाल्याचा उंबरा कुठे आहे?

असल्या सूचना कोण लिहितं सांगू? शाखेतलंच कुणीतरी, गर्दी ओसरल्यावर, उभ्याउभ्या. मीही पुष्कळ लिहिल्यात.

आणी बाईंना खरं सांग. अर्ज त्यांच्या सहीनं जाणार. त्यात 'कोड चुकीचा दिला गेला' असं येणारच. तू गप्प बसलीस तर तुझ्या चुकीखाली त्या बिचाऱ्या सही करतील. मग तुझं ते निर्दोष वाक्य कुठे ठेवशील?

तुझी नणंद


१० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सांगितलं.

छापखान्यात गेले तर बाई वह्यांच्या गठ्ठ्यावर बसून चहा पीत होत्या. दोन कामगार पत्ते खेळत होते. मला बघून त्यांनी पत्ते लपवले, मग काम नाहीच हे आठवून पुन्हा बाहेर काढले.

मी म्हटलं, "बाई, घोळ बँकेचा नाही. कोड मी चुकीचा दिला."

"तुम्ही?"

"मी."

"माझ्या बिलावर 'पावति' छापलं होतं, तर तुम्ही अख्खी बिलबुकं परत पाठवली होतीत."

"हो."

"वेलांटीसाठी."

"हो, बाई."

"मग कोड बघितलात कुठे?"

सांगितलं. अर्धविरामाचंही सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक, बहुधा बचाव म्हणून. बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गोड बोलण्याला भुलायचं वय गेलं की माणूस शुद्ध लिहिण्याला भुलतं वाटतं." पत्तेवाल्यांपैकी एकजण खोकला. तो खोकला नव्हता.

मी म्हटलं, "यंत्र गेलं तर नुकसान मी भरून देईन."

"वह्या तुम्ही कापणार का?" बाई म्हणाल्या. "कात्रीनं? मला भरपाई नको, मला कटर पाहिजे. चला बँकेत."

अर्ज दिला, पोच घेतली. समोरच्या शाखेला फोन लावला. तो एका बाईंनी उचलला, मधेच कुणाला तरी "पेन खिशात घालू नका" म्हणाल्या आणि मला नीट माहिती दिली. रक्कम उचंत खात्यातच आहे. बाहेर काढायला त्यांच्या वरच्या ऑफिसची मंजुरी लागते, आणि तिथे कागद सावकाश चालतात. १८ पर्यंत होईल का विचारलं तर म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्यांचं मला कौतुक वाटलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. मला हे आता कळतं आहे.

त्या शुद्ध संकेतस्थळालाही पत्र लिहिलं. कडक लिहिलं. पहिल्या परिच्छेदात मात्र नकळत भाषेचं कौतुक झालं. ते खोडलं नाही.

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी

आदरणीय भगिनी,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोहोचले. वाचून आनंद झाला. लगोलग लाजही वाटली.

मी निवृत्त भाषाशिक्षक आहे. संकेतस्थळ माझ्या पुतण्याचे. बँकांविषयीची माहिती तो ठिकठिकाणाहून गोळा करतो. ती कोठून आणि केव्हाची, हे मी त्याला आजवर विचारले नाही. मजकूर शुद्ध करणे एवढेच माझ्याकडे. आपण ज्या समारोपाचा उल्लेख केला आहे तो माझा. 'उचंत' या शब्दावरील अनुस्वारही माझा. इतक्या वर्षांत तो पाहणाऱ्या आपण पहिल्याच. उचंत म्हणजे नेमके काय, हे मात्र मला आपल्या पत्रावरून कळले. आमच्या घरी बँकेची कामे माझी पत्नी पाहते.

पान काढून टाक, असे पुतण्याला सांगितले. तो म्हणतो, त्या पानाला सर्वांत जास्त वाचक आहेत, काढता येणार नाही. भाषा बदलण्याचा अधिकार तेवढा माझ्याकडे आहे. तेव्हा मी त्या पानावर ठिकठिकाणी मुद्दाम अशुद्ध शब्द घातले आहेत. मथळ्यात तर दोन. आपल्यासारख्या चोखंदळ वाचकांनी तरी त्यावर विश्वास ठेवू नये, हा हेतू. 'माहीति' असे टंकताना हात थबकला, तरी टंकले.

आपल्या छापखानेवाल्या भगिनींची मी क्षमा मागतो. आपले पत्र जपून ठेवले आहे. त्यात एका ठिकाणी स्वल्पविराम सुटला आहे. रागाच्या भरात तसे होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू पाठवलेलं त्या गुरुजींचं पत्र वाचलं. तुम्ही दोघं एकाच कारखान्यातून निघालेले दिसता. दादाला दाखव, त्याला बरं वाटेल, त्याच्या वाट्याला एकच आली.

तुला न विचारता एक केलं. त्या बँकेचं वरचं ऑफिस माझ्याच गावात आहे. पोचेची प्रत तू पाठवलीच होतीस. ती घेतली आणी परवा सकाळी तिथे जाऊन बसले. दारावरचा मुलगा म्हणाला, "आजी, पेन्शनची रांग खाली." मी म्हटलं, "आजी घरी गेल्यावर म्हण. उचंत खात्याच्या मंजुऱ्या कोण बघतं ते सांग."

चौथ्या टेबलापर्यंत पोचले. तिथल्या साहेबांचा बाईंच्या अर्जावर काही आक्षेप नव्हता, अर्ज नुसता ढिगाच्या तळाशी होता. मी म्हटलं, मी समोर बसते, तुम्ही सावकाश वर या. दुपारी जेवायच्या आधी त्यांनी कागद काढला, आणी मग त्यांच्याच एका नव्या मुलीला उचंत खात्याची नोंद कशी मिटवायची ते मी समजावत होते. ती वहीत लिहून घेत होती, वहिनी! मंजुरी झाली. रक्कम १८ ला सकाळी जमा व्हावी. व्हावी म्हणते, होईल म्हणत नाही.

दुपारची झोप बुडाली. वाईट वाटलं नाही.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

यंत्र बाईंचं झालं.

काल बाई आणि मी सकाळीच यंत्रमालकाकडे पोचलो. दुसरं गिऱ्हाईक खरोखरच होतं. आम्हाला वाटत होतं, मालक भाव वाढवायला सांगतो आहे. तो माणूस पिशवी मांडीवर घेऊन यंत्राच्या शेजारीच बसला होता, जणू ते पळून जाईल. त्यानंही विसार पाठवलेला आणि तोही पोचलेला नव्हता. मालक वैतागला होता. "दोघंही म्हणता पाठवला, आणि माझ्या खात्यात फुटकी कवडी नाही. पैसे दिसतील त्याचं यंत्र."

मी त्या माणसाला विचारलं, "शाखेचा कोड कुठून घेतलात?"

"आमच्या हिशेबनिसानं इंटरनेटवर शोधला. फार हुशार माणूस, बाई. भाषेचा मोठा जाणकार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मालक शाखेत जाऊन पासबुक भरून आला. आपली रक्कम त्यात होती. शाखा विलीन झाल्याचं त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. सूचना घरी आली होती म्हणाला, पण वाचली नाही. त्या दुसऱ्या माणसाला मी नवा कोड, बँकेच्या पानाचा पत्ता आणि अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. त्याचं यंत्र गेलं, पैसे तरी सुटोत. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, "तुम्ही बँकेत होता का?" मी म्हटलं, "नाही. माझ्या नणंदबाई होत्या."

परत येताना बाई खुशीत होत्या. यंत्राचं पातं कसं आहे, ते टेंपोत बसेल का, सगळं बोलून झालं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून बँकेचं काम तुमच्याकडे नको."

खरं तर हिशेबही काढून घेतील असं वाटलं होतं.

"हिशेब तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "बिलंही तुम्हीच तपासा, त्यात तुमच्याएवढं खवट दुसरं कुणी नाही. पण बँकेतलं काही बघायचं, शोधायचं, विचारायचं, ते तुमच्या नणंदबाईंनी."

मी म्हटलं, "त्या 'आणि' चुकीचा लिहितात."

"लिहू देत," बाई म्हणाल्या.

वन्सं, मी घरापर्यंत विचार केला. बाकीच्या क्लायंटांनाही बँकांची माहिती मीच शोधून देते. कुठून आणि कशी, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. फक्त बाईंचंच काम तुमच्याकडे देणं म्हणजे उरलेल्यांना माझ्या व्याकरणाच्या भरवशावर सोडणं. तेव्हा सरळ विचारते. येता का माझ्या ऑफिसात? आठवड्यातून दोन दिवस. मोबदला काय तो ठरवू. कपाट आवरायचं राहून जाईल, याची कल्पना आहे.

तुमची वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मी निवृत्त आहे. मला कुंड्या आहेत. शब्दकोडं आहे. माझ्या सुखात तू अशी मधे येऊ नयेस.

सोमवारची सकाळची बस आणी गुरुवारची. दोन्हींच्या वेळा बघून ठेवल्या आहेत. बसच्या डेपोत जाऊन फलकावर बघितल्या, इंटरनेटवर नाही.

अट एकच. माझ्या कागदांवर लाल शाई चालणार नाही. क्लायंटकडे जाण्याआधी हवं तर पेन्सिलीनं सुधार, मी बघून न बघितल्यासारखं करीन.

तुझी नणंद


१ मार्च

दिल्या-घेतल्याची नोंद

आज सोमवारी सकाळी ऑफिसात खालील वस्तू व कागद मी नणंदबाईंच्या स्वाधीन केले.

छापखान्याची बँकेची फाईल, बाईंच्या सहीच्या अधिकारपत्रासह. यंत्र शनिवारी पोचलं, त्याच्या पावतीची प्रत त्यात लावली आहे.

बाकी सर्व क्लायंटांच्या बँकांची माहितीपत्रकं. ही माझ्या हातची असून एकावरही तारीख नाही आणि माहिती कुठून घेतली तेही लिहिलेलं नाही. म्हणून सर्व रद्द समजावीत. अक्षर सुवाच्य आहे.

टेबलाच्या डाव्या खणाची किल्ली. खण अडकतो, उचलून ओढावा.

खिडकीजवळचं टेबल आणि खुर्ची. सकाळी तिथे ऊन सरळ डोळ्यांत येतं. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण तिथे दुसरं कुणी बसणार नव्हतं.

वरीलप्रमाणे दिलं. – वहिनी

वरीलप्रमाणे मिळालं. गुरुवारी येताना पडदा घेऊन येते, दोघींवर सावली पडेल एवढा. – नणंद